प्रश्न सातवा : घरात चुली किती

‘कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी व एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारी माणसे.’ वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि त्याखाली पट्टीने रेघ मारली. ‘सामाजिक संशोधनाच्या पद्धती’ हा आमच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा विषय होता. वर्गातली मुले त्याला कंटाळत. मला मात्र तो पहिल्या तासापासून आवडला. आजवर मी ज्या जगात वावरले त्यात प्रत्येक गोष्टीला चार बाजू असत, आणि चारही बाजूंनी बोलणाऱ्या माणसांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा असे. येथे प्रत्येक शब्दाला व्याख्या होती, आणि व्याख्या सांगून झाली की वाद मिटत असे. निदान माझी तशी समजूत होती.

शाळेत आणि कॉलेजात मी हुशार गणली जात होते. बी.ए.ला चांगले गुण मिळाले, आणि त्याच वर्षी लग्न झाले. मग दोन मुले, आणि यजमानांना तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड. ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षे. इमारती कोऱ्या होत्या, रस्ते गरजेपेक्षा रुंद होते आणि सगळीकडे नव्या रंगाचा वास येत असे. धाकटी मुलगी पाचवीत गेली तेव्हा यजमान म्हणाले, “आता तू तुझं काहीतरी सुरू कर.” प्रवेशाचा अर्ज मी भरला आणि आठ दिवस कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला. तो अखेर त्यांनीच नेऊन दिला.

खाडीपुलावरून बसने मी मुंबईला तासांना जाई. वर्गात मी कधी प्रश्न विचारला नाही. मला मुळातच बोलण्याची भीड. त्यात बरोबरीची मुले विशीतली. पण आमच्या सरांनी एकदा सर्वांसमोर सांगितले, “मुलाखत घेणाऱ्याला स्वतःला विसरता आलं पाहिजे. तुम्हा लोकांना ते शिकवावं लागेल. बाईंना शिकवावं लागणार नाही.” सर माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असावेत. ते हळू बोलत, वाक्य पूर्ण करत आणि कोणाच्याही अज्ञानाला हसत नसत. आपल्या बुजरेपणाला कोणी गुण म्हणावे, असे माझ्या बाबतीत पूर्वी घडले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानू लागले.

प्रबंधिकेसाठी सरांनी मला खाडीकाठचे एक गाव नेमून दिले. आमच्या वसाहतीपासून ते पायी अर्ध्या तासावर होते. गावाची भातशेती आणि मिठागरांच्या कडेची जमीन नव्या शहरासाठी गेलेली होती. तिच्या बदल्यात गावालगत घरापुरते जागेचे तुकडे मिळणार होते. ते कोणाकोणाला मिळावेत याची यादी पंचांनी करून द्यायची, अशी बोलणी त्या पावसाळ्यात चालू होती. पंचांचे माप सोपे होते : एक चूल, एक जागा. सरांच्या प्रश्नावलीचा त्या यादीशी काही संबंध नव्हता. तिच्यात चौतीस प्रश्न होते, ती सायक्लोस्टाइल करून घेतलेली होती आणि तिचा सातवा प्रश्न होता, ‘घरात चुली किती?’ उत्तरासाठी एक अंक मावेल एवढी चौकट होती.

गावातले प्रत्येक पाचवे घर घ्यायचे असे ठरले होते. लोकांना हे पटवताना माझी तारांबळ उडे. “पाचवंच का? चौथ्या घरात मानसं रवत नाय का?” असे एका म्हाताऱ्याने मला विचारले. मी त्यांना नमुना निवडीचे तत्त्व समजावून सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सुनेला हाक मारली, “हिला च्या दे गो, लय बोलून दमली.”

प्रत्येक घरी मुलाखतीपूर्वी एक प्रतिज्ञा वाचून दाखवायची असे. “आपण दिलेली माहिती गुप्त राहील. तिचा उपयोग केवळ अभ्यासासाठी होईल.” प्रश्नावलीच्या अर्जावर नाव नसे, फक्त क्रमांक असे, क्रमांक कोणत्या घराचा याची नोंद वेगळ्या वहीत असे आणि ती वही सरांच्या कपाटात असे. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटत होती.

त्या पाचव्या घरांपैकी एका घरात दोन जावा होत्या. धाकटी विधवा होती, चाळिशीच्या आतली. नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, पदरी आठवीतली मुलगी. पावसाळा सोडला तर ती मिठागरावर मीठ ओढायला जाई. मोठा दीर, म्हणजे थोरल्या जावेचा नवरा, गावात वजन राखून होता. आमच्या कामासाठी शाळेची एक खोली त्यानेच मिळवून दिली होती. मी गेले तेव्हा धाकटी ओटीवर सुपात सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, निवडत बसली होती आणि थोरली आत चुलीपाशी होती. मी प्रतिज्ञा वाचली.

“गुप्त म्हंजे?” धाकटीने विचारले.

“तुम्ही सांगाल ते मी कोणाला सांगणार नाही.”

आतून थोरलीचा आवाज आला, “लिवा बाय, हिनं माझी सुकट चोरली. कोनाला सांगू नका पन.”

“तुझी सुकट?” धाकटी म्हणाली. “तिच्यात माती किती ते पयलं लिवायला सांग.”

दोघी हसल्या, मीही हसले. सातव्या प्रश्नापर्यंत आम्ही येईतो माझी भीड पुष्कळच गेली होती.

“घरात चुली किती?”

“आता? आता एक.”

“आता म्हणजे?”

“पाऊस हाय ना. दोन चुलींना सुकी लाकरं कुठनं आनायची? आषाढ लागला का माझी चूल इझवायची. माझे तांदूल, माझी सुकट हिच्या चुलीवर. दिवाली झाली, मीठ सुरू झालं, का माझी परत पेटते. सहा वरसं असंच हाय. गावात निम्मी घरं असंच करतात.”

“खरं सांग की,” थोरली बाहेर येऊन म्हणाली. “पावसात एकटीला जेवन गोड लागत नाय हिला.”

“तुलाच लागत नाय.”

चौकटीत मी ‘१’ लिहिले. समासात पेन्सिलीने लिहिले, ‘पावसाळ्यात एक, दिवाळीनंतर दोन.’ पुढच्या काही घरांतही तेच उत्तर मिळाले आणि तीच टीप मी समासात लिहीत गेले. मनातून मला थोडा अभिमान वाटत होता. व्याख्येत नसलेली एक गोष्ट मला सापडली होती, आणि ती मला कोणी न घाबरता, सुकट निवडता निवडता सांगितली होती.

अर्ज तपासताना सरांनी त्या टिपा वाचल्या. ते रागावले नाहीत. “बाई, समासाचं संकेतीकरण कसं करणार? त्याला आकडा कुठला द्यायचा?” त्यांनी विचारले. “आपण ज्या दिवशी गेलो त्या दिवशीची स्थिती नोंदवतो. त्या दिवशी तुम्ही किती चुली पाहिल्या?”

“एक.”

“मग चौकटीतलं उत्तर बरोबर आहे. समास स्वच्छ करून टाका. पुढे टेबलं करताना घोटाळा होतो.”

मी तेथेच बसून सगळे समास खोडले. पेन्सिलीचे अक्षर सहज गेले. खोडरबराचे कण तळहाताने गोळा करून मी कचऱ्याच्या टोपलीत टाकले, आणि टेबल पुसून घेतले. सरांनी माझ्या टापटिपीचे कौतुक केले.

पद्धत अशी होती की पंधरा दिवसांनी काही घरी पुन्हा जायचे, निवडक प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरे जुळतात की नाही ते पाहायचे. उत्तरांची विश्वासार्हता अशी मोजतात, असे आम्हाला शिकवलेले होते. त्या दोन जावांचे घर त्यात आले. मला आनंद झाला.

या वेळी धाकटी दारातच उभी राहिली. तिने मला बसायला सांगितले नाही.

“आता काय इचारायचं रायलंय?”

मी काहीतरी पुटपुटले.

“भावोजींनी तुमचा कागद पंचांना दाखवलाय,” ती म्हणाली. “चूल एक, असं लिवलंय. मंग जागा पन एक. ती त्यांची. मना आनि पोरीला काय, जलमभर त्यांच्या पडवीत रवायचं.”

“पण अर्ज त्यांच्याकडे कसा गेला?”

“तुमच्या सरांनी दिला. शालेत बसून, च्या पिऊन दिला. मी काय तुमच्या घरी आलेली का सांगायला? तुमी आलाव. तुमी म्हनलाव, कोनाला सांगनार नाय.”

आत थोरली होती. भांड्यांचा आवाज येत होता. मी छत्री न उघडता रस्त्यावर आले आणि बरेच अंतर चालल्यावर ते माझ्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी सरांशी बोलायची वाक्ये मनात जुळवली. पहिले वाक्य असे असणार होते की, आपल्या हातून नकळत काहीतरी चूक झाली असावी. ‘नकळत’ हा शब्द मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. कोणीतरी कपाट उघडे टाकले असेल, कोणीतरी सरांना फसवले असेल, असेच मी रात्रभर धरून चालले होते.

सरांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि वर्गात समजावून सांगत तसे समजावून सांगितले. “प्रश्न सातचं उत्तर एक आहे. म्हणजे कुटुंब एक. कुटुंब एक म्हणजे कुटुंबप्रमुख एक. त्यांनी स्वतःच्या कुटुंबाची माहिती पाहायला मागितली, मी दाखवली. दुसऱ्या कोणाची दाखवली नाही. यात गुप्ततेचा भंग नेमका कुठे झाला, ते मला सांगा.”

मी चूक शोधू लागले. एकेक पायरी बरोबर होती. मी रेघ मारलेल्या त्या व्याख्येतूनच ते सरळ चालत आले होते आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले होते.

“पण सर, समासात लिहिलं होतं…”

“समासात आता काही नाही,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मृदू होता.

पंचांना एक पत्र द्यावे, त्या दिवशी पाऊस होता म्हणून चूल एक होती एवढेच त्यात लिहावे, अशी विनंती मी केली. ती करताना मी दोनदा अडखळले. “गावाच्या भांडणात संशोधकाने पडू नये, बाई. तटस्थता जाते. आणि त्या भाऊंनी आपल्याला शाळेची खोली दिली आहे. पुढच्या वर्षीही ती लागणार आहे.”

पहिल्या दोन वाक्यांवर मी कदाचित विश्वास ठेवला असता. तिसऱ्याने मला सगळे कळले. ज्या माणसाने माझ्या भीतीला गुण म्हटले होते, त्याला तो गुण कशासाठी हवा होता तेही कळले. मी तक्रार करणार नाही, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. इतक्या वर्षांनीही तो दुपारचा विभाग, टेबलावरची काच आणि तिच्याखालचे वेळापत्रक मला जसेच्या तसे दिसते, आणि मान तापते.

पंच रविवारी देवळाच्या सभामंडपात बसणार होते. मी जाणार आहे हे मी यजमानांनाच काय, स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. सभामंडपात चार पंच होते, पुढे तो अर्ज होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचे घर ठेवलेले होते. दीर खांबाला टेकून बसला होता. धाकटी पायरीवर उभी होती आणि तिच्यामागे मिठागरावरच्या तीन बायका होत्या.

“अक्षर तुमचंच ना, बाय?” वडील पंचांनी विचारले.

“हो.”

“मंग?”

मी सांगितले की बाजूला एक टीप होती, ती नंतर खोडली गेली.

“कोनी खोडली?”

“मीच.”

पंच एकमेकांकडे पाहू लागले. “तुमीच लिवलाव, तुमीच खोडलाव,” एकजण म्हणाला. “आता खोडलेलं वाचायला आमी काय जोशी हाव?” लोक हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण पुढचे जे काही मी जुळवून आणले होते ते माझ्या तोंडून निघाले नाही.

मग मिठागरावरच्या बायकांपैकी थोराड बाई पुढे झाली. “आमी दुपारची भाकर एका जागी बसून खातो. हिची भाकर हिच्या तव्यावरची असते. जाडी. जावेची पातल असते, आमी पन खाल्लीय. सहा वरसं ही जाडीच भाकर आनते. इचारा कोनाला पन.”

“भाकरीच्या जाडीवर जागा वाटायची काय?” दीर म्हणाला.

“मंग कागदाच्या जाडीवर वाटा,” ती म्हणाली.

पंचांनी पुष्कळ वेळ घेतला. यादी लवकर द्यायची होती, दिवाळीपर्यंत थांबता येत नव्हते. शेवटी त्यांनी ठरवले की आठव्या दिवशी सकाळी ते स्वतः घरोघर फिरतील आणि ज्याची चूल पेटलेली दिसेल त्याचे नाव लिहून घेतील. कागद कोणाचाच धरणार नाहीत. मला तेव्हा हायसे वाटले. निर्णय शहाणपणाचा वाटला. तेवढ्यात दिराने विचारले, “इस्तव आमच्या चुलीतला नेला, तर तिची चूल वेगली कशी म्हनायची?”

पंचांनी आपापसात बोलून मान्य केले. विस्तवही ज्याचा त्याचाच पाहिजे.

आठ दिवसांत गाव बदलले. ज्या ज्या घरात पावसापुरत्या चुली एक झाल्या होत्या, तेथे तेथे त्या मोडून वेगळ्या मांडल्या गेल्या. भाऊ भावाच्या दारातून लाकडे मोजून उचलू लागला. गळक्या पडव्यांतून, गोठ्यांतून, पत्र्याच्या आडोशांतून ओल्या लाकडांचा धूर निघू लागला. आठव्या दिवशी सकाळी मी गेले. मला कोणी बोलावले नव्हते. त्या जावांच्या घरासमोरच्या ओटीवर मी उभी राहिले. खांद्याला माझी नेहमीची पिशवी होती.

धाकटीने पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले होते. वर छप्पर गळत होते. काड्या एकामागून एक विझत होत्या. गल्लीच्या तोंडाशी पंच आलेले दिसत होते, आणि तिच्या दगडांत अजून जाळ नव्हता. तेवढ्यात थोरली घरातून बाहेर आली. हातातले सूप तिने आडवे धरले होते आणि त्याच्याखाली एका खापरावर चार निखारे होते. नवरा त्या वेळी पंचांबरोबर होता.

“घे गो, लवकर.”

“नको.”

“घे म्हनते ना. कोन बघतंय?”

धाकटीने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले. “ती बाय हाय तिथं,” ती म्हणाली. “ती लिवते.”

थोरलीनेही माझ्याकडे पाहिले. मला ओरडून सांगायचे होते की मी काहीही लिहिणार नाही, माझ्या पिशवीत आज पेन्सिलसुद्धा नाही. ते खरेच होते. पण मी ते म्हटले नाही. आणि म्हटले असते तरी माझ्या म्हणण्याला त्या गल्लीत आता किंमत उरली नव्हती. थोरली निखारे घेऊन आत गेली. त्यानंतर तिने दार लोटून घेतले.

धाकटीने चिमणी उघडून तिच्यातले रॉकेल लाकडांवर ओतले. भडका उडाला. पंच आले तेव्हा जाळ चांगला लागला होता आणि तिने वर रिकामेच पातेले ठेवले होते. वडील पंचांनी वाकून पाहिले, विचारले, “इस्तव कुठचा?” तिने काड्यांची पेटी दाखवली. त्यांनी नाव लिहून घेतले.

त्या यादीत तिचे नाव राहिले, आणि पुढे तिला जागा मिळाली. ही बातमी घेऊन मी सरांकडे गेले नाही. प्रबंधिका मी वेळेवर पूर्ण केली. ‘संशोधनाच्या मर्यादा’ या प्रकरणात चुलींविषयी दोन पाने लिहिली होती. सरांनी त्यांचे एक वाक्य केले. ‘ऋतुमानानुसार काही उत्तरांत किंचित फरक संभवतो.’ मला चांगले गुण मिळाले आणि सरांनी त्यांच्या पुढच्या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून माझे नाव सुचवले. मी नाही म्हणायला हवे होते. घरी सर्वांना आनंद झाला होता, मुलीने मैत्रिणींना सांगितले होते, आणि इतक्या उशिरा सुरू केलेल्या माणसाला दुसरे कोणी काम देईल असे मला वाटत नव्हते. ही कारणे मी तेव्हा स्वतःला सांगितली, ती तशीच येथे लिहिते आहे.

प्रकल्प त्याच गावाचा होता, पुढच्याच पावसाळ्यात. तीच प्रश्नावली, तीच घरे. एका वर्षात काय बदलले ते पाहायचे होते. मी त्या घरी गेले तेव्हा पडवीच्या मध्ये कुडाची भिंत आली होती. धाकटीने मला पाहिले आणि मी काही वाचण्यापूर्वीच म्हणाली, “दोन लिवा.”

“पाऊस आहे तरी?”

“बारा म्हयने दोन.” मग, भिंतीकडे न पाहता, “तिच्या घरात आता आमचं जेवन होत नाय. पोरगी बी जात नाय. मी निखारा घेतला नाय, ते तिला लागलं. घेतला असता तर जागा गेली असती. ते तिला कलतं. पन लागायचं ते लागलंच.”

मी विचारले, मी एकदा थोरलीशी बोलून पाहू का.

“तुमी नका बोलू,” ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. एखाद्याला गरम भांड्यापासून दूर करावे तसे ती म्हणाली. मी चौकटीत ‘२’ लिहिले. पुढच्या घरी ‘२’, त्याच्या पुढच्या घरी ‘३’. पावसात चुली एक करणारे एकही घर मला त्या वर्षी मिळाले नाही, आणि मला वाटते त्यानंतरही नसावे.

सरांना आकडे पाहून अतिशय आनंद झाला. इतका स्पष्ट बदल त्यांना अपेक्षित नव्हता. मी त्यांना पंचांची फेरी, विस्तवाची अट, सगळे पुन्हा एकदा सांगितले; या वेळी न अडखळता सांगितले. त्यांनी ऐकले आणि म्हणाले की हे तात्कालिक कारण झाले, आपल्याला प्रवाह पाहायचा असतो. हिवाळ्यात एका परिसंवादात त्यांनी निबंध वाचला. नव्या शहराच्या सान्निध्यात खाडीकाठच्या गावांतील एकत्र कुटुंबे वेगाने विभक्त होत आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. साहाय्यक म्हणून माझे नाव निबंधाच्या तळाशी होते. ते काढून टाकावे असे मी आदल्या दिवशी त्यांना म्हणाले होते. “नाव काढलं तर उद्या नोकरीच्या अर्जात काय दाखवाल?” असे त्यांनी काळजीने विचारले होते, आणि मी ते तसेच राहू दिले होते.

वाचन संपल्यावर श्रोत्यांतील एका वयस्कर प्राध्यापकांनी शंका काढली. एका वर्षात इतकी घरे कशी फुटतील, गावात दुसरे काही घडले होते का, असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. इतका नेमका प्रश्न आमच्या प्रश्नावलीतल्या चौतिसांतही नव्हता.

सर हसले. “आमच्या बाई त्या गावात दोन्ही वर्षं स्वतः घरोघर फिरल्या आहेत,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत? चुली वेगळ्या झाल्या आहेत ना?”

सभागृहातल्या माना माझ्याकडे वळल्या. त्या प्रश्नाला एकच खरे उत्तर होते आणि ते ‘हो’ असे होते. त्यानंतर जे सांगायचे होते त्यासाठी उभे राहावे लागले असते.

मी बसल्या जागी मान हलवली. सरांनी आभार मानले, आणि अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.